पहिला परदेश प्रवास: बॅग कशी भरायची, पैसे कुठे वाचवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून सिंगापूर, थायलंड, दुबई किंवा युरोपला पहिल्यांदा निघालेली कुटुंबं आणि मुलांकडे अमेरिकेला चाललेले आईबाबा हे प्रश्न हमखास विचारतात. एक गोष्ट आधीच सांगते. परदेश प्रवासात पैसे वाचतात ते बहुतेक घर सोडण्याआधी. बॅगेचं वजन, चलन, सिम, विमा या सगळ्याचा निर्णय विमानतळावर घ्यायची वेळ आली की प्रत्येक गोष्ट महागात पडते. म्हणून निघायच्या आदल्या रात्री नव्हे, निदान तीन आठवडे आधी हे वाचा.

बॅगेत नक्की किती किलो नेता येतं? चौघांचं मिळून धरतात का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. विमान कंपन्यांच्या दोन पद्धती आहेत. काही कंपन्या एकूण वजन देतात, म्हणजे माणशी २० किंवा ३० किलो, बॅगा कितीही करा. अशा तिकिटावर एकत्र बुकिंग असेल तर कुटुंबाचं वजन बहुधा एकत्र धरतात. अमेरिकेच्या तिकिटांवर मात्र नगावर हिशेब असतो: इतक्या बॅगा, प्रत्येकी २३ किलो. तिथे एक बॅग २६ किलोची आणि दुसरी २० ची असेल, तर बेरीज ४६ झाली तरी २६ वाल्या बॅगेचे जास्तीचे पैसे लागतात. शिवाय कोणतीही एक बॅग ३२ किलोच्या वर गेली तर ती सहसा घेतच नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसांच्या पाठीचा प्रश्न असतो.

मुंबईच्या टर्मिनल २ वर रात्री अमेरिकेच्या विमानांच्या काउंटरसमोर पाहा. बॅग जमिनीवर उघडी, बेसनाच्या लाडवांचा डबा बाहेर, भाजणीची पिशवी या बॅगेतून त्या बॅगेत, आणि मागे रांग खोळंबलेली. हे टाळायला हातात धरून बॅग मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या. काही शे रुपयांत मिळतो आणि परतीच्या वेळी तर त्याचा दुप्पट उपयोग होतो. घरी २३ नाही, २२ वर थांबा.

वजन जास्त होणार हे आधीच कळलं तर कंपनीच्या वेबसाइटवर आगाऊ किलो विकत घ्या. काउंटरवरचा दर त्यापेक्षा बराच चढा असतो. आणि नवी बॅग घेताना तिचं रिकामं वजन बघा. मोठ्या कडक कवचाच्या बॅगा रिकाम्याच चार-पाच किलोच्या असतात. तेवढे किलो तुम्ही तिकिटात विकत घेतलेले असतात.

हातातल्या बॅगेत काय हवंच?

पासपोर्ट, व्हिसा, विम्याचा कागद, सगळी औषधं, चश्मा, चार्जर, एक जोडी कपडे आणि स्वेटर. मोठी बॅग एखादा दिवस उशिरा आली तरी निभावेल असा विचार करून भरा. बहुतेक कंपन्या ७ किंवा ८ किलोपर्यंत हातातलं सामान देतात आणि स्वस्त विमान कंपन्या ते खरंच मोजतात.

द्रवपदार्थ १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत, त्या सगळ्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. अर्धी भरलेली २०० मिलीची खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा चालत नाही, कारण बाटलीचा आकार मोजतात, आतलं तेल नाही. लोणचं, ठेचा, तूप मोठ्या बॅगेत. सुरी, कात्री, अडकित्ता हेही तिकडेच. आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवणीने काढा, तो सुरक्षा तपासणीत गेला की परत मिळत नाही.

पॉवर बँक मात्र उलट: ती फक्त हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी असते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे चालते. तिच्यावरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत अडवू शकतात. २०२५ पासून सिंगापूर एअरलाइन्स, थाई एअरवेज, एमिरेट्स अशा कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली आहे. फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

कपडे किती घ्यायचे?

सहल दहा दिवसांची असो की पंधरा, पाच-सहा दिवसांचे कपडे पुरतात. हॉटेलची धुलाई नगावर असते आणि एका शर्टाला इथल्या महिन्याच्या इस्त्रीइतके पैसे जाऊ शकतात. त्यापेक्षा पावडरची छोटी पुडी, थोडी नायलॉनची दोरी आणि चार चिमटे न्या, अंतर्वस्त्रं आणि मोजे रोज रात्री धुवा. मोठे कपडे नाणी टाकून चालणाऱ्या लॉन्ड्रीत एका फेरीत निघतात.

बूट नवे कोरे घेऊन निघू नका. परदेशात रोजचं चालणं सहज दहा-बारा किलोमीटर होतं, आणि तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आला की पुढची सहल टॅक्सीने करावी लागते. निघायच्या महिनाभर आधीपासून तेच बूट घालून रोज फिरायला जा.

सासूबाई साडीच नेसतात. युरोपात जमेल का?

जमतं, आणि त्यांना ज्यात मोकळं वाटतं तेच त्यांना नेसू द्या. खळीच्या सुती साड्या बॅगेत चुरगळतात आणि जड होतात. चार-पाच हलक्या सिंथेटिक साड्या घ्या, आतून थर्मल आणि परकराखाली गरम लेगिंग. चपला नकोत, मोजे आणि बूट हवेत. एकच काळजी घ्यायची: मेट्रोचे सरकते जिने. तिथे निऱ्या हाताने थोड्या वर धरायला त्यांना आधीच सांगून ठेवा आणि कोणीतरी मागच्या पायरीवर राहा.

थंडीचे कपडे विकत घ्यावेत का?

एकाच सहलीसाठी महागडा जाडजूड कोट घेऊ नका. मे महिन्यातल्या स्वित्झर्लंडला एक थर्मल, एक स्वेटर आणि वारा-पाऊस अडवणारं जॅकेट असे तीन थर पुरतात. युंगफ्राउयोखसारख्या बर्फाच्या ठिकाणी टोपी आणि हातमोजे. मुंबई-पुण्यात थंडीचे कपडे भाड्यानेही मिळतात, आणि बहुतेक घरांत कुणा नातेवाइकाकडे कपाटात पडलेला कोट असतोच. जॅकेट अंगावर घालूनच विमानात बसा, तेवढं वजन वाचतं.

घरचं खायला काय न्यावं?

न्याच. पहिल्या परदेश प्रवासात पैसे वाचवणारी याहून मोठी गोष्ट नाही, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी. स्वित्झर्लंडमध्ये साध्या जेवणाला माणशी २० ते ३० फ्रँक सहज लागतात. चौघांचं एक वेळचं जेवण घरच्या शिदोरीवर भागलं तर वाचलेल्या पैशांत एखादा डोंगरमाथा बघून होतो.

टिकणारं आणि हलकं न्या: मेथीचे ठेपले पहिल्या तीन दिवसांसाठी, पुढे खाकरा, भडंग, चकली, दाण्याची चटणी, मेतकूट, गुळपोळी. गरम पाणी ओतून होणारे उपमा-पोहे फार कामाचे. हॉटेलच्या खोलीत किटली असेल तर तिच्यात फक्त पाणी उकळा, त्यात दूध किंवा मॅगी शिजवू नका. खोलीत इलेक्ट्रिक कुकर लावायचा तर विचारही करू नका. धुराचा अलार्म वाजला तर दंड भरावा लागतो, आणि तो तुम्ही वाचवलेल्या जेवणांच्या कितीतरी पट असतो.

काय नको, हे मात्र नीट वाचा.

सुकं खोबरं विमानात नको. ते तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा.

खसखस संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरला नेणं हा गुन्हा आहे. तिथे ती अफूच्या झाडाचं बी म्हणून बंदी असलेल्या मालात येते. आपल्या घरात खसखस कुठे कुठे असते ते आठवा: अनारसे, काही घरांतल्या करंज्यांचं सारण, काळ्या मसाल्यात, गोड्या मसाल्याच्या काही पाककृतींत. दिवाळीत दुबईला भावाकडे चाललेल्या माणसाच्या डब्यात अनारसे असणं अगदी स्वाभाविक आहे, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवं. मसाला आईने कुटून दिलेला असेल तर तिला विचारून घ्या. विड्याची पानंही अमिरातीला नकोत. सिंगापूरला च्युइंगगम, तंबाखू-गुटखा आणि ई-सिगारेट नकोत.

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर तिथे चालत नाही. ऑस्ट्रेलियाही दूध-खव्याच्या मिठाईबद्दल फार कडक आहे.

मुलीकडे अमेरिकेला चाललोय. तिच्यासाठी मसाले, लोणचं, तांदूळ नेऊ का?

मसाले, पापड, लोणचं, चहा पावडर, भाजलेलं-तळलेलं कोरडं खाणं साधारणपणे चालतं. तांदूळ नको: भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ न्यायला बंदी आहे, कारण त्यातून खापरा नावाची धान्याची कीड जाते. आंबेमोहोर कितीही आवडता असो, तो इथेच राहू द्या. ताजा कढीपत्ता नको, ताजी फळं नकोत. मे महिन्यात हापूसची पेटी न्यायचा मोह होतो, पण प्रवाशाच्या सामानात ती चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: उतरल्यावर ‘खाण्याचं काही आहे का’ असं विचारलं की ‘हो’ म्हणा. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ते फक्त ठेवून घेतात. लपवलेली सापडली तर पहिल्याच वेळी ३०० डॉलर दंड होऊ शकतो. बरीच मंडळी घाबरून ‘नाही’ म्हणतात. घाबरायचं कारण नाही. पिशवीवर पदार्थाचं नाव इंग्रजीत लिहून चिकटवा, अधिकाऱ्याला डबा उघडून दाखवा. लोणच्याची बरणी काचेची नको, दुकानातलं बंद पाकीटच घ्या आणि तरीही दोन पिशव्यांत गुंडाळा.

औषधं किती आणि कशी न्यायची?

जितके दिवस राहणार त्यापेक्षा आठवडाभराची जास्त, मूळ पट्ट्यांमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण तिकडच्या डॉक्टरला आपली कंपनी ओळखू येत नाही. रोजच्या गोळ्या सुट्या काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरायची सवय असेल तर प्रवासापुरती ती सोडा.

इन्सुलिन हातातल्याच बॅगेत ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामक गोळी दुबई, सिंगापूर अशा देशांत परवानगीशिवाय नेलीत तर गंभीर अडचण होते. आपल्याकडे ही औषधं सर्रास लिहून देतात, त्यामुळे घरातल्या प्रत्येक पट्टीवरचं नाव एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. यात कंटाळा करू नका.

टॉयलेटमध्ये पाणी नसतं म्हणतात. मग?

युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कागदच असतो. चेपल्यावर फवारा मारणारी छोटी प्रवासी बाटली मिळते, नाहीतर साधी पाव लिटरची रिकामी बाटली पर्समध्ये ठेवा. थायलंड, मलेशिया, दुबईत फवारा असतो. युरोपातल्या रेल्वे स्टेशनांवर स्वच्छतागृहाला एक-दीड युरोपर्यंत पैसे लागतात, तेव्हा नाणी जवळ असू द्या आणि संग्रहालय किंवा हॉटेल सोडतानाच जाऊन या.

चार्जरची पिन बसेल का?

सिंगापूर, मलेशिया, दुबई, ब्रिटन इथे तीन चौकोनी खुरांची पिन लागते. अमेरिका-जपानला दोन चपट्या पट्ट्यांची. युरोप खंडात आपली दोन गोल खुरांची बारीक पिन बहुधा बसते. थायलंडमध्ये चपटी आणि गोल दोन्ही बसतात. एक सर्व देशांना चालणारा अॅडॉप्टर आणि घरातला एक्स्टेंशन बोर्ड न्या, म्हणजे एका अॅडॉप्टरवर चौघांचे फोन चार्ज होतात.

फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, ते कुठेही चालतात. अमेरिकेला मिक्सर न्यायचा विचार असेल तर थांबा. तिथे १२० व्होल्ट असतात, आपला २३० व्होल्टचा मिक्सर नीट चालणार नाही. त्याच्या वजनात चार किलो मसाले जातील.

पैसे कसे न्यायचे: रोख, कार्ड की फॉरेक्स कार्ड?

तिन्ही, थोडं थोडं. सगळे पैसे एकाच कार्डावर असले आणि ते मशीनने गिळलं किंवा बंद पडलं, तर परक्या शहरात फार हतबल व्हायला होतं.

आधी साध्या क्रेडिट-डेबिट कार्डाचा हिशेब बघा. बऱ्याच बँका परकीय चलनातल्या खर्चावर ३.५ टक्के आकार लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. एक लाख रुपयांच्या खर्चावर हे ४,१३० रुपये झाले. हा आकार अजिबात न घेणारी किंवा अगदी कमी घेणारी कार्डंही आहेत. बँकेत फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘फॉरेक्स मार्कअप किती?’

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड. त्यावर दर भरतानाच ठरतो, पुढे रुपया घसरला तरी फरक पडत नाही. पण ज्या चलनात खर्च करणार तेच चलन त्यावर भरा. डॉलर भरून युरोत खर्च केलात तर पुन्हा बदलाचा आकार लागतो. एटीएममधून दर वेळी काढण्याचं शुल्कही असतं, म्हणून रोज थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा.

रोख परकीय नोटा एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंत घेता येतात. इतक्या कुणाला लागत नाहीत. चौघांच्या आठवड्याच्या सहलीला दोन-तीनशे डॉलरच्या मोलाचं स्थानिक चलन बहुधा पुरतं. ५०,००० रुपयांपर्यंतचं चलन रोख देऊन घेता येतं, त्यावर बँकेतूनच पैसे द्यावे लागतात. पॅन कार्ड बरोबर ठेवा.

चलन विमानतळावर घेऊ नका. तिथला दर सगळ्यात वाईट. शहरातल्या तीन अधिकृत चलन विक्रेत्यांना फोन करा आणि ‘सगळे कर, आकार धरून एक डॉलर हातात कितीला पडेल?’ एवढंच विचारा. नुसता दर विचारलात तर तो आकर्षक सांगतात आणि आकार नंतर जोडतात. डॉलरमागे दोन रुपयांचा फरक म्हणजे हजार डॉलरला दोन हजार रुपये.

निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते बंदच असतात. मर्यादाही तिथेच ठरवा आणि परत आल्यावर पुन्हा बंद करा.

दुकानातलं मशीन विचारतं, रुपयांत पैसे देणार का? काय करू?

नाही म्हणा. नेहमी तिथल्या चलनातच द्या.

घडतं असं: पॅरिसमध्ये ४० युरोची खरेदी, कार्ड मशीनला लावलं, आणि पडद्यावर दोन चौकोन येतात. एकात युरोची रक्कम, दुसऱ्यात रुपयांची. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बोट तिकडे जातं. पण तो दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि त्यात त्यांचा चार-पाच टक्के किंवा त्याहूनही जास्त फायदा मिसळलेला असू शकतो. काही वेळा विक्रेता न विचारताच रुपयांचं बटण दाबतो. पावतीवर रुपयांची रक्कम दिसली तर तिथेच थांबून व्यवहार रद्द करायला सांगा, तुमचा तो हक्क आहे. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथेही ‘कन्व्हर्जनशिवाय’ हाच पर्याय निवडा.

परदेशात यूपीआय चालतं का?

काही ठिकाणी. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस इथल्या बऱ्याच दुकानांत चालतं. पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांना २०२४ पासून चालतं. अॅपमध्ये ‘यूपीआय इंटरनॅशनल’ आधी सुरू करावं लागतं. त्याच्यावर विसंबून मात्र निघू नका, आणि पैसे देण्याआधी पडद्यावर दिसणारा बदलाचा दर वाचा.

हॉटेलमध्ये अनामत मागतात, ती कशाने द्यायची?

क्रेडिट कार्डाने. ही रक्कम ते कापत नाहीत, नुसती अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे सुटायला कधी कधी आठवडे लागतात आणि तोवर ते सहलीत वापरता येत नाहीत. युरोपातल्या अनेक शहरांत पर्यटक कर वेगळा, हॉटेलातच भरावा लागतो, तो खर्चात धरून ठेवा.

सिम कोणतं घ्यावं?

एकट्याने आठवडाभर जाणार असाल तर आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक सोयीचा. चौघं असाल तर एकाच फोनवर मोठा डेटा घेऊन बाकीच्यांना हॉटस्पॉट द्या, खर्च बराच खाली येतो. फोनला ई-सिमची (चिप न घालता चालणाऱ्या सिमची) सोय असेल तर घरूनच त्या देशाचं ई-सिम घ्या, ते बहुधा सगळ्यात स्वस्त पडतं.

पण आपलं भारतीय सिम फोनमध्ये चालू राहू द्या. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि तो आला नाही तर कार्ड असूनही व्यवहार अडतो. रोमिंग सुरू आहे का ते निघण्याआधी कंपनीला विचारा, त्या सिमचा डेटा मात्र सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. उतरल्यावर अॅप्स आपोआप अपडेट व्हायला लागली की बिलाचा आकडा बघवत नाही.

विमा खरंच लागतो का, की एजंट गळ्यात मारतात?

लागतो. या पानावर पैसे वाचवायचे इतके मार्ग सांगितले आहेत, पण इथे काटकसर करू नका. आपला घरचा आरोग्य विमा सहसा भारताबाहेर चालत नाही. युरोपातल्या अनेक देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर सक्तीचंच आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आईबाबांसाठी एक लाख डॉलरच्या खाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. तिथे नुसत्या हाडाच्या फ्रॅक्चरचं बिल आपल्या वर्षभराच्या पेन्शनपेक्षा मोठं होऊ शकतं.

अर्ज भरताना रक्तदाब, मधुमेह, बायपास जे काही असेल ते सगळं लिहा. हप्ता दोन हजारांनी वाढेल म्हणून लपवलेला आजार पुढे दावा नाकारायला कारण ठरतो. ६०-७० वर्षांवरच्या लोकांच्या पॉलिसीत प्रत्येक उपचाराला वेगळी मर्यादा असते, ती पानं वाचा. वाचायला जमत नसेल तर मुलांना वाचायला लावा.

तिकीट आणि सहल स्वस्तात कधी पडते?

एप्रिल-मे आणि दिवाळीची सुट्टी सोडून. त्या दिवसांत अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी निघतो. मुलांची शाळा नसेल तर युरोपला सप्टेंबरमध्ये जा: हवा छान, गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त.

व्हिसा हातात येण्याआधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर बिलात टीसीएस नावाची रक्कम असते. तो खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्रच न भरणारे ज्येष्ठ नागरिक हे पैसे सोडून देतात. तसं करू नका. पॅकेजचं बुकिंग कोणाच्या पॅनवर करायचं हेही त्या दृष्टीने आधी ठरवा.

तिकिटावर नाव कसं लिहायचं?

पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. ते पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत असेल तर तिकिटावरही तिथेच. लग्नानंतर घरात नाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर तिकीट माहेरच्याच नावाने. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने वैध हवा.

सिंगापूर-थायलंडला जाण्यापूर्वी कुठला फॉर्म भरतात? पैसे मागताहेत.

फॉर्म खरे आहेत, पैसे खोटे. सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड, थायलंडचं १ मे २०२५ पासूनचं डिजिटल अरायव्हल कार्ड, मलेशियाचं तसंच कार्ड, ही तिन्ही फुकट आहेत आणि पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात. गूगलवर शोधलं की वरच दिसणारी, सरकारीसारखी दिसणारी संकेतस्थळं त्याचे पैसे घेतात. पैसे मागितले की ते पान बंद करा.

पाणी विकत घ्यावं लागतं का?

युरोपातल्या बहुतेक शहरांत आणि सिंगापुरात नळाचं पाणी बिनधास्त प्या. झुरिकमध्ये रस्त्यांवर १,२०० हून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली नेता येते, ती आत भरून घ्या. थायलंड, व्हिएतनाम, बालीत मात्र बंद बाटलीच घ्या.

फिरायला टॅक्सी की पास?

पास घेण्यापूर्वी गणित करा. लंडनच्या मेट्रो-बसला बँकेचं कार्ड टेकवलं तरी दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागू होते, वेगळा पास लागत नाही. प्रत्येकाने दिवसभर स्वतःचं तेच कार्ड टेकवायचं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. सिंगापुरातही कार्ड टेकवून बस-मेट्रो चालते. जपानचा रेल्वे पास पूर्वी डोळे झाकून घ्यावा असा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला, आता टोकियो-क्योटो एवढ्याच सहलीला सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

मंगळसूत्र, बांगड्या घालून जाऊ का?

रोजचं छोटं मंगळसूत्र चालेल, बाकी सोनं लॉकरमध्ये. गर्दीच्या पर्यटनस्थळी चोरीची भीती असतेच, आणि परत येताना हे सोनं तुम्ही इथूनच नेलं होतं हे सिद्ध करावं लागू शकतं. लग्नकार्यासाठी दागिने न्यावेच लागले तर जातानाच विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यासाठी तासभर आधी पोहोचा आणि दागिन्यांची बिलं किंवा मूल्यांकनाचा कागद बरोबर ठेवा.

खरेदीवरचा कर परत मिळतो तो कसा?

खरेदी किमान रकमेची असावी लागते: सिंगापूरमध्ये १०० सिंगापुरी डॉलरपासून, थायलंडमध्ये एका दुकानात एका दिवसात २,००० बाहतपासून, दुबईत २५० दिरहमपासून. खरेदी करतानाच पासपोर्ट दाखवून कागद मागा. विमानतळावर आधी कर परताव्याचा कक्ष, मग बॅग काउंटरवर. वस्तू दाखवायला सांगतात आणि ती बॅग आत गेलेली असली तर परतावा गेला. ब्रिटनमध्ये दुकानातून घेतलेल्या मालावर ही सोय २०२१ पासून बंद आहे.

पासपोर्ट हरवला तर?

आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तातडीने परत यायचं असेल तर ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. पासपोर्ट-व्हिसाची छायाप्रत वेगळ्या बॅगेत आणि फोटो घरच्या कुणाच्या तरी फोनवर असला की काम कितीतरी सोपं होतं. दोन पासपोर्ट फोटोही ठेवा.

विमानतळावर किती आधी जायचं?

तीन ते चार तास. पुणे-नाशिककरांनी एक्स्प्रेस-वे आणि घाटातल्या कोंडीसाठी आणखी दोन-अडीच तास हाताशी ठेवावेत. आणि आता तिकिटावरचा विमानतळ वाचायला विसरू नका: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. दोन्हींमधलं अंतर ऐनवेळी भरून निघत नाही.

परत आल्यावर उरलेल्या चलनाचं काय करायचं?

नाणी तिकडेच संपवा, इथे ती कुणी घेत नाही. विमानतळावरच्या दुकानात काही रक्कम नाण्यांत आणि उरलेली कार्डावर, असं बहुतेक ठिकाणी करून देतात. नोटा परत आल्यापासून १८० दिवसांत विकायच्या असतात, २,००० डॉलरपर्यंतचं चलन मात्र पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतं. फॉरेक्स कार्डावरची शिल्लक तशीच पडू देऊ नका. काही कार्डांवर न वापरल्याचं शुल्क दर काही महिन्यांनी कापलं जातं, तेव्हा लगेच जायचं नसेल तर शाखेत किंवा अॅपवरून पैसे खात्यात वळते करून घ्या.